गळ्यातली शिवराई

बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या लोकलमध्ये एखाद्या तरुणाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं तांब्याचं नाणं दिसतं. ती शिवराई, शिवाजी महाराजांवरच्या निष्ठेची खूण. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेली ही नाणी पेशवाईतही पाडली जात होती, म्हणून अक्षरांची वळणं निरनिराळी दिसतात.

निष्ठा अशी अंगावर मिरवण्याची रीत जगभर आहे. १९०९मध्ये लंडनला मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या स्त्रिया सिल्व्हिया पँकहर्स्टनं रेखाटलेला ब्रोच अभिमानानं लावत. आजीच्या पुतळ्यांच्या माळेचं मात्र निराळं. तिचा नमुना व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचा, पण व्हेनिसशी निष्ठा कुणाचीच नव्हती!

घरात जुनी शिवराई असेल तर तिला भोक पाडू नका, चिंच लावून घासू नका. झिजलेलं अक्षर पुन्हा उमटत नाही. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचं जुनं धन सापडलं, तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गळ्यात प्रतिकृती घाला, अस्सल नाणं मात्र कोरड्या जागी जपून ठेवा.