प्रदर्शनातील कारागीर आणि साम्राज्याचा हिशेब



वसाहतकाळातील जागतिक प्रदर्शनांकडे आपण बहुधा कुतूहलाने पाहतो. परंतु तेथे काय मांडले गेले यापेक्षा काय झाकले गेले, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. १८८६ सालचे लंडनमधील 'कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन' हे त्याचे बोलके उदाहरण होय.

४ मे १८८६ रोजी राणी व्हिक्टोरियाने साउथ केन्सिंग्टन येथे त्याचे उद्घाटन केले. सुमारे ५५ लाख लोकांनी ते पाहिले. हिंदुस्थानी विभागात विणकर, कुंभार, तांबट इत्यादी ३४ कारागीर प्रेक्षकांसमोर काम करीत बसत. पिढ्यान्‌पिढ्या गावगाड्यात कला जोपासणारे समाधानी कारागीर, अशी त्यांची प्रतिमा उभी करण्यात आली. वस्तुस्थिती निराळी होती. त्यांतील बहुतेक जण आग्र्याच्या तुरुंगातील कैदी होते आणि त्यांचे कसब तुरुंगातच घडले होते. तुरुंगाचे अधीक्षक डॉ. जे. डब्ल्यू. टायलर यांनीच त्यांना लंडनला आणले होते. सक्तीच्या श्रमाला परंपरेचा शेला पांघरून साम्राज्य आपली उदारता मिरवीत होते.

मग गावातल्या खऱ्या विणकराचे काय? १८६६ साली फोर्ब्स वॉटसन याने हिंदी कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून त्यांचे २० संच तयार केले. त्यांतले १३ ब्रिटनमध्ये ठेवले गेले. हेतू उघड होता : हिंदी गिऱ्हाइकाची आवड तिकडच्या गिरण्यांना कळावी. १८८२ साली विलायती कापडावरील आयात जकातही उठली. एका हाताने विणकराची बाजारपेठ काढून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने त्याची कला काचेच्या कपाटात ठेवायची, असा हा व्यवहार होता.

कारागिरांच्या शेजारी हिंदुस्थानचा कच्चा मालही पद्धतशीर मांडलेला होता. प्रदर्शनाच्या पाठोपाठ १८८७ साली राणीने इम्पीरियल इन्स्टिट्यूटची पायाभरणी केली. साम्राज्यातील कच्च्या मालाची तपासणी करून त्याचा व्यापारी उपयोग शोधणे, हे त्या संस्थेचे एक प्रमुख काम झाले. उत्सव संपला, तरी व्यवहार चालू राहिला.

योगायोग असा, की त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात दादाभाई नौरोजी होबर्न मतदारसंघातून पार्लमेंटची निवडणूक लढवीत होते. ते पराभूत झाले. पण हिंदुस्थानातून जाणाऱ्या संपत्तीच्या मोठ्या भागाचा मोबदला हिंदुस्थानला मिळत नाही, हा सिद्धांत ते १८६७ पासून आकडेवारीनिशी मांडत आले होते. प्रदर्शनाने झाकलेला हिशेब दादाभाईंच्या कोष्टकांत होता.

कष्टकऱ्याच्या कलेचे कौतुक करणे सोपे असते, कारण कौतुकाला पैसे पडत नाहीत. म्हणून कारागिरीचा गौरव जेथे जेथे थाटामाटाने होत असेल, तेथे कार्यकर्त्यांनी दोन साधे प्रश्न विचारावेत : या हातांना मजुरी किती मिळाली? आणि उरलेली रक्कम कोणाच्या घरी गेली?