इसब, भिंतीची गळती आणि रोजची दहा मिनिटं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात झालेल्या आरोग्य व्याख्यानाचे शब्दांकन)



त्वचारोग विभागात परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली, म्हणून समितीने मला 'इसब' हा विषय दिला. आता पंचवीस वर्षांच्या इमारतीत सर्वसाधारण सभेला कुठला विषय हमखास निघतो? गळती! मीही आज गळतीवरच बोलणार आहे, फक्त भिंत वेगळी.

आपली कातडी म्हणजे विटांची भिंत समजा. पेशी या विटा, आणि त्यांच्या मधले स्निग्ध पदार्थ हे सिमेंट. इसब असलेल्या माणसाचं हे सिमेंट कच्चं असतं. आतला ओलावा बाहेर जातो, साबण, धूळ, घाम आत शिरतो. मग खाज, खाजवलं की भेग, भेग पडली की आणखी खाज. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला दोष हे यामागचं एक मोठं कारण आहे. सगळ्यांत तो सापडत नाही, पण एवढं नक्की, की 'रक्त अशुद्ध झालंय' किंवा 'आईने काहीतरी खाल्लं' असं म्हणून कुणाला दोष देऊ नये. आणि इसब स्पर्शाने पसरत नाही. ज्या मुलाच्या कोपराच्या खळीत चट्टा आहे त्याचा हात धरायला, त्याच्याबरोबर गरब्यात नाचायला काहीच हरकत नाही. पसरतात ते गजकर्ण आणि खरूज. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच रात्री खाज सुटत असेल, तर खरजेची शंका घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

आता रोजची दहा मिनिटं. आंघोळ कोमट पाण्याची, पाच ते दहा मिनिटांत उरकायची. गीझरच्या कढत पाण्याने खाजेवर बरं वाटतं, पण ते घटकाभर. नंतर कातडी जास्त कोरडी पडते. वडीचा साबण अल्कधर्मी असतो आणि निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी. म्हणून सौम्य, बिनवासाचा क्लेन्झर घ्या, तोही काखा, जांघा, पाय एवढ्यापुरताच. घासणी, वजरी बंद. टॉवेलने खसाखसा पुसू नका, नुसतं टिपून घ्या, आणि अंग दमट असतानाच, तीनेक मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा. हीच वेळ सगळ्यात महत्त्वाची. रात्री झोपताना पुन्हा एकदा.

किती लावायचं? ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठीच्या सूचनांत इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम असं सांगितलं आहे. आपण पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतो आणि म्हणतो, काही फरक नाही! महागडं क्रीम परवडत नसेल तर साधं पांढरं पेट्रोलियम जेली चालतं. स्वस्त घ्या, पण हात आखडू नका.

'नैसर्गिक काही नाही का?' हा प्रश्न मला लिफ्टमध्येसुद्धा विचारतात. आहे ना. आपलं खोबरेल तेल. फिलिपिन्समध्ये सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे अभ्यास झाला. त्यात खनिज तेलापेक्षा शुद्ध खोबरेल तेल उजवं ठरलं. दिवाळीच्या अभ्यंगाचं तेल म्हणूनच चांगलं. पण त्यावर खरखरीत उटणं चोळलं, की केलेलं काम धुऊन जातं. मोहरीच्या तेलाने चुरचुरतं, ऑलिव्ह तेलाने कातडीचा थर कमजोर होतो. लिंबू, लसूण, कडुलिंबाचा वाटलेला पाला भेगाळलेल्या कातडीवर नकोच. नैसर्गिक म्हणजे सौम्य असं नसतं. गाजर गवतही नैसर्गिकच आहे!

त्यावरून आठवलं. या गवताची भारतातली नोंद १९५६ साली झाली, ती आपल्या पुण्यातली. काँग्रेस गवत म्हणतात ते हेच. त्याचे कण हवेतून उडतात आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर भयंकर इसब उठतो. मागच्या कंपाउंडला आणि पार्किंगच्या कडेला ते उगवलेलं आहे. पावसाळ्यात, फुलं येण्याआधी, मोजे घालून मुळासकट उपटलं पाहिजे. ज्यांना त्वचेचा त्रास आहे त्यांनी या कामाला येऊ नये.

पाण्याबद्दलही विचारणा झाली. टँकरचं, बोअरचं पाणी जड असतं आणि जड पाण्याच्या भागात मुलांमध्ये इसब जास्त दिसतो, हे खरं. पण इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर प्रयोग झाला, त्यांच्या घरात पाणी मृदू करणारं यंत्र बसवलं. बारा आठवड्यांनी इसबावर त्याचा जादा फायदा दिसला नाही. नळांवरच्या क्षारांसाठी यंत्र बसवायचं असेल तर जरूर बसवा, इसबासाठी म्हणून वर्गणी काढू नका.

हातांच्या इसबाचा त्रास बायकांना जास्त. भांड्यांचा साबण, लसूण सोलणं, दिवसभर ओले हात. आत सुती आणि वर रबरी मोजे घालून काम करा, आणि मोजे आतून ओले झाले की बदला. जी ताई आपल्याकडे धुणंभांडी करते, ती चार घरची भांडी घासते. तिच्या बोटांकडे एकदा बघा. मोज्यांची एक जोडी आणि मॉइश्चरायझरची एक डबी प्रत्येक घराने तिच्यासाठी ठेवली तर फार खर्च होत नाही.

आता औषध. चट्टे लाल होऊन उफाळले की नुसत्या मॉइश्चरायझरने भागत नाही. डॉक्टर स्टेरॉइडचं मलम देतात. ते सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं तर घाबरण्यासारखं नाही. प्रमाण सोपं आहे : तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची रेघ मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या भागाला पुरते. खरी भीती आहे ती दुकानातून स्वतःच आणलेल्या, तीन-चार औषधांची खिचडी असलेल्या मलमांची. त्यांनी आठवड्यात चमत्कार वाटतो, पुढे कातडी पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते चिघळतं. २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगाच नाही.

खाण्याचं थोडक्यात. वांगं, दूध, अंडं आपल्या मनाने बंद करू नका. वाढत्या मुलाचं नुकसान होतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तास-दोन तासांत गांधी उठल्या, ओठ सुजले, तर डॉक्टरांना सांगा. श्वास लागला तर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. चट्ट्यांतून पू आला, पिवळी खपली धरली, किंवा ताप येऊन दुखणारे पाणीदार फोड उठले, तर त्याच दिवशी दाखवा.

शेवटी आई-बाबांना, आजी-आजोबांना एक सांगते. मुलाला दिवसभर 'खाजवू नकोस' म्हणून ओरडू नका. खाज त्याच्या हातात नसते. नखं कापा, सुती कपडे घाला, खाज आली की गार ओला रुमाल ठेवा. इसब असलेलं मूल रात्र-रात्र झोपत नाही आणि सकाळी शाळेत पेंगलं म्हणून बोलणी खातं. बऱ्याच मुलांचा इसब वाढत्या वयात कमी होतो. तोवर भिंतीची डागडुजी रोज करायची, गळती दिसण्याची वाट न बघता. इमारतीच्या बाबतीत आपण हे पंचवीस वर्षांत शिकलोच आहोत.

कार्यकारिणीला विनंती, पहिला पाऊस पडला की एक रविवार गाजर गवतासाठी ठेवावा. मोजे मी आणीन.