फौजीच्या घरातलं मूल

खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मणक्याला इजा झालेले जवान तिथे राहतात, हे पुणेकरांना माहीत असतं. फौजीच्या घरातलं दिव्यांग मूल मात्र कुणाला दिसत नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदली, म्हणजे पुन्हा नवी शाळा, नवे डॉक्टर. आर्मीच्या आशा शाळा आहेत, पण सगळीकडे नाहीत. मी बँकेत पेन्शनचं टेबल सांभाळलंय म्हणून सांगतो, स्वतः कमावू न शकणाऱ्या अशा मुलाला आई-वडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. दाखला काढून त्याचं नाव हयातीतच पेन्शनच्या कागदांवर चढवा. नंतर ते पोर कुठे खेटे घालणार? आपल्याकडे असं घर असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी सोबत येतो. दुपारची झोप सोडून कधीही हाक मारा.