'टोसी' नेमकं काय करतं?



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता, तो मी बदलून घेतला. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच शब्द फिरत होता, 'टोसी'. कुणी रामटेकहून नागपूरला धावत होतं, कुणी पुण्यात बसून फोन लावत होतं. सुमारे ४० हजारांचं ते इंजेक्शन शरीरात जाऊन करतं काय, हे विचारायला तेव्हा कुणाला उसंत नव्हती. मी नंतर वाचून काढलं. मी डॉक्टर नाही, पण निरोप कुठून निघाला आणि कुठे अडकला हे शोधण्याचाच मला पगार मिळतो.

आपल्या जीवशास्त्राच्या वहीत पेशीचा पडदा म्हणजे पेन्सिलीची एक रेघ असायची. सगळा कारभार त्या रेघेवरच चालतो. संसर्ग झाला की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-६, म्हणजे आयएल-६, हे प्रथिन रक्तात सोडतात. हा झाला निरोप. रिपोर्टमधलं सीआरपी यकृत तयार करतं ते मुख्यतः याच निरोपावरून. पण आयएल-६ पडद्यावरच्या आपल्या रिसेप्टरला नुसतं चिकटून भागत नाही, कारण त्या रिसेप्टरला आत काही कळवताच येत नाही! त्यासाठी जीपी१३० नावाचं दुसरं प्रथिन लागतं. बँकेच्या लॉकरला आपली किल्ली आणि बँकेची किल्ली, दोन्ही लागतात ना, तसं. असे दोन संच शेजारी आले, म्हणजे एकूण सहा जण जुळले, की आतले एन्झाइम जागे होतात आणि केंद्रकापर्यंत हुकूम पोचतो.

आता हा रिसेप्टर असतो मोजक्याच पेशींवर, यकृताच्या आणि काही पांढऱ्या. मग सगळं शरीर का पेटतं? कारण तोच रिसेप्टर रक्तात मोकळाही फिरत असतो. आयएल-६ त्याला धरून दुसऱ्या कुठल्याही पेशीकडे जाऊ शकतं, आणि जीपी१३० तर जवळपास प्रत्येक पेशीवर आहे.

टोसिलिझुमॅब जपानमधलं. ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या संशोधनातून आलेलं, कोविडच्या आधीपासून संधिवातावर वापरात असलेलं. ते आयएल-६ ला हात लावत नाही. रिसेप्टरवर, पेशीवरच्या आणि मोकळ्या फिरणाऱ्याही, ठाण मांडून बसतं.

ग्रुपवर एकीनं लिहिलं होतं, "इंजेक्शन दिलं तरी आयएल-६ वाढलंच. पैसे पाण्यात." तिला आज सांगते, ते वाढायचंच होतं. एरवी रिसेप्टरला चिकटलेलं आयएल-६ पेशी आत ओढून संपवतात. जागा अडल्यावर ते रक्तातच साचतं. बघायचं असतं सीआरपी, आणि ते उतरलं होतं.

आपल्यातल्या दुसऱ्या एकीला ते इंजेक्शन मिळालंच नाही. तिला विचारूनच बोलते आहे. 'आणखी दोन फोन केले असते तर' हे ती अजून म्हणते. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत ४ हजारांहून अधिक रुग्ण होते, सगळे ऑक्सिजन कमी पडलेले, सीआरपी चढलेले. २८ दिवसांत टोसी मिळालेल्यांपैकी शंभरात ३१ दगावले, न मिळालेल्यांपैकी ३५. औषधाचा गुण खरा आहे, चार जीव म्हणजे थोडे नव्हेत. पण मिळूनही ३१ गेले, आणि न मिळताही ६५ घरी आले किंवा निदान तेवढे दिवस तगले. बाई गं, हे आकडे मी तुझ्यासाठी लिहून आणलेत. कागद इथेच टेबलावर ठेवते.