गेली आणि जायची

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "दहा मिनिटं बोल, तुझ्या कामाबद्दल बोल." मी म्हटलं, "अरे, माझं काम म्हणजे पोरांकडून स्पॅनिश क्रियापदं घोकून घेणं. त्यावर काय बोलू?" पलीकडून उत्तर आलं, "तेच बोल. गणितावर बोलणारे इथं पैशाला पासरी आहेत." लातूर आहे हे, म्हणून मला काही वाद घालता आला नाही.

खरं सांगायचं तर मी फार लांब गेलेली नाही. दहावीनंतर वडिलांची बदली झाली आणि आम्ही नांदेडला गेलो. बी.ए. तिथंच केलं. नंतर नोकरीसाठी हैदराबादला आले आणि संध्याकाळच्या एका वर्गात सहज म्हणून स्पॅनिशला नाव घातलं. माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले होते. ते म्हणायचे, भाषा म्हणजे पाहुणी, तिला आधी बसायला पाट द्यावा. पण या पाहुणीनं पहिल्याच महिन्यात माझा घाम काढला, आणि तोही साध्या भूतकाळात.

आता तुम्हालाही थोडा घाम काढायला लावते. स्पॅनिशमध्ये 'आब्लार' म्हणजे बोलणे. साध्या भूतकाळात मी बोलले तर 'आब्ले', तू बोललास तर 'आब्लास्ते', तो किंवा ती बोलली तर 'आब्लो', आम्ही 'आब्लामोस', तुम्ही 'आब्लास्तेइस', ते 'आब्लारोन'. 'कोमेर' म्हणजे खाणे. त्याचं 'कोमी, कोमीस्ते, कोमिओ, कोमिमोस, कोमीस्तेइस, कोमिएरोन'. हे दोन पाढे पाठ झाले की शेकडो क्रियापदं हाताशी येतात. गंमत एवढीच की 'आब्लो'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर दिला तर 'मी बोलतो' आणि शेवटच्या अक्षरावर दिला तर 'तो बोलला'. जोर चुकला की माणूसही बदलतो आणि काळही.

आपल्याला हे सोपं की अवघड? दोन्ही. सोपं अशासाठी की बाई 'फुई' म्हणाली काय किंवा पुरुष 'फुई' म्हणाला काय, 'गेलो' आणि 'गेले' असा भेद तिथं नाही. अवघड अशासाठी की आपल्या भूतकाळाची नजर कर्मावर असते. मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मी पेरू खाल्ले. खाणारी मी एकटीच, पण क्रियापद बदलतं ते फळाकडे बघून. आपले मराठीचे सर फळ्यावर कर्तरी, कर्मणी, भावे असे तीन रकाने आखायचे आणि एकेकाला उभं करायचे, ते आठवतं ना? सर समोरच बसलेत. सर, तुमचा कर्मणी प्रयोग माझ्या अंगात एवढा मुरला होता की तीन आंबे खाल्ले म्हटलं की माझा हात स्पॅनिश क्रियापदाचंही अनेकवचन करायला जायचा. तिथं तीन आंबे खा नाहीतर टोपलीभर खा, मी खाल्ले म्हणजे 'कोमी'च.

आणखी एक गंमत. पुस्तकी मराठीत 'तू कुठं गेला होतास' असा शेवटी 'स' लागतो. आपण म्हणायचो 'कुठं गेल्ता रे', आणि सर तो 'स' लावून घ्यायचे. स्पॅनिशमध्ये याच्या बरोबर उलटं आहे. व्याकरणात 'आब्लास्ते'ला 'स' नाही, पण बोलताना पुष्कळ लोक तो चिकटवतात आणि तिथले मास्तर तो काढायला लावतात. एकूण काय, मास्तरांचं सगळीकडे सारखंच.

आता जरा महत्त्वाचं सांगते. स्पॅनिशमध्ये भूतकाळाची दोन घरं आहेत. एक घर एकदा घडून संपलेल्या गोष्टीचं, ज्याची रूपं आत्ता सांगितली. दुसरं घर नेहमी घडायच्या किंवा चालू असलेल्या गोष्टीचं. इंग्रजीत रोज शाळेत जायचो म्हणतानाही लोक साधा भूतकाळ सर्रास वापरतात, त्यामुळे इंग्रजीतून शिकणारी मुलं इथं हमखास अडखळतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, मराठीत विचार करा. 'गेली' असेल तर पहिलं घर, 'फुए'. 'जायची', 'जात असे' किंवा 'जात होती' असेल तर दुसरं घर, 'इबा'. आपल्या आज्ज्या 'पहाटे उठे, जात्यावर बसे' असं बोलायच्या. तेही दुसरंच घर. आपल्याकडे हा भेद आधीपासून आहे, फक्त व्याकरणाच्या तासाला 'रीतिभूतकाळ' हे नाव ऐकून आपण पेंगायचो.

मला हे कळलं ते मात्र पाठांतरानं नाही. ते आज पहिल्यांदा सांगते आहे.

वर्गात आम्हाला एक निबंध दिला होता, 'लहानपणची एक मैत्रीण'. मी आपल्या तिच्यावर लिहिलं. तिचं नाव मी इथं घेत नाही, तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. खिडकीशेजारचा दुसरा बाक. किल्लारीकडच्या गावातून येऊन इथं मावशीकडं शिकायला राहिलेली. मी लिहिलं होतं, ती चिंचा आणली, ती हसली, ती मला गणित शिकवली. सगळं पहिल्या घरात. बाईंनी प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारली आणि विचारलं, "एकदाच आणल्या का चिंचा?" मी म्हटलं, "नाही हो, नेहमी आणायची." "मग 'त्राखो' नाही, 'त्राईआ' लिही." मग मी सगळं पुन्हा लिहिलं. ती आणायची. ती हसायची. ती शिकवायची. ते लिहिताना ती कितीतरी वर्षांनी माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखी वाटली.

बाई म्हणाल्या, "छान. आता पुढं काय झालं ते लिही. तिथं पहिलं घर लागेल."

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. २९ सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाला तिला गावी जायचं होतं, पण चाचणी परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून तिचं होय-नाही चाललं होतं. गंजगोलाईत आम्ही दोघी वह्या घ्यायला गेलो होतो. तिनं मला विचारलं, "जाऊ का गं?" मी म्हटलं, "जा की, एका दिवसानं काय होतंय? तुझी वही मी लिहून ठेवते."

त्या रात्री विसर्जन करून लोक उशिरा झोपले, आणि ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आपण इथं शहरात अंगणात, रस्त्यावर जागत बसलो. शाळा भरली तेव्हा दुसरा बाक अर्धा रिकामा होता. तिची वही मी लिहून ठेवलेली होती.

मी तिला 'जा' म्हटलं होतं, हे मी कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, सरांना नाही, तुम्हाला नाही. मराठीत ते वाक्य माझ्या तोंडून निघतच नव्हतं. 'मी म्हणाले' इथपर्यंत यायचं आणि थांबायचं.

त्या निबंधात ते पहिल्यांदा लिहिलं. 'म्हणणे' म्हणजे 'देसीर', पण ते अनियमित आहे, नेहमीचे पाढे त्याला चालत नाहीत. पुस्तकाच्या मागचा तक्ता काढून मी रूप शोधलं, 'दिखे', मी म्हणाले. मग लिहिलं, 'ले दिखे: बेते', मी तिला म्हणाले, जा. तक्त्यात बघून एक एक अक्षर जुळवत होते म्हणूनच बहुधा ते लिहिता आलं. त्याच्याखाली आणखी एक शब्द, 'तेम्ब्लो'. हलली. स्पॅनिशमध्ये या क्रियापदाला कर्ता लागत नाही. १९८५ च्या सप्टेंबरात मेक्सिको शहर असंच हललं होतं, तिथले लोक भूकंप झाला म्हणताना एवढंच म्हणतात. कुणी हलवलं, कुणामुळे हललं, हा प्रश्नच त्या वाक्यात नाही.

बाईंनी ते वाचलं. त्यांनी लाल शाईनं काहीच लिहिलं नाही. फक्त म्हणाल्या, "तू 'जा' म्हणालीस ते एका वाक्यात आहे. ती कशी होती ते बारा वाक्यांत आहे. दोन्ही राहू दे."

मी पुष्कळ वर्षं तिला त्या एका वाक्यातच कोंडून ठेवलं होतं. 'गेली', एवढंच. मराठीत 'गेली' म्हणजे गावाला गेली आणि 'गेली' म्हणजे वारली, दोन्ही. स्पॅनिशमध्येही 'से फुए' म्हणजे निघून गेली, आणि जवळचं माणूस वारलं तरी तसंच म्हणतात. दोन्ही गोष्टी मी एकातच धरून बसले होते, जणू मीच तिला पाठवलं. ते ओझं पूर्ण उतरलं असं म्हणणार नाही. आज तुमच्यासमोर मराठीत बोलता आलं, एवढंच सांगते.

आता शेवटची विनंती. या स्मरणिकेत संयोजकांनी तिच्यासाठी एक पान ठेवलं आहे. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून ते भरू नका. त्या पानावर प्रत्येकानं एकेक वाक्य द्या, पण दुसऱ्या घरातलं. ती काय आणायची, कशावर हसायची, सरांनी उभं केलं की काय करायची. माझं वाक्य मी देऊन टाकते: मधल्या सुट्टीत ती चिंचेतला मोठा अर्धा मला द्यायची आणि म्हणायची की लहानच दिलाय.

सर, क्रियापदाचं रूप चुकलं असेल तर सांगा. उभी राहते.