केळ्याचं वजन आणि पेरूचं पोषण



मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आकड्यांच्या मोठ्या फायली तपासणं, जोडणं हे माझं रोजचं काम. मला दिलेला विषय आहे ‘फळांतून मिळणारं पोषण : प्रदेश आणि काळ’. तेव्हा फळं खा, असं सांगण्यासाठी मी उभा नाही. ते तुम्हाला माहीत आहे. फळांचे आकडे कसे वाचायचे, एवढंच बोलतो.

जगभराचे हे आकडे मुख्यतः एका ठिकाणाहून येतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना १९६१ पासूनचा देशवार अन्न ताळेबंद ठेवते. देशात पिकलेलं घ्या, आयात मिळवा, निर्यात वजा करा, जनावरांना गेलेलं आणि बाजारात पोहोचेपर्यंत नासलेलं वजा करा, उरलेल्याला लोकसंख्येने भागा. जे येतं त्याला ‘पुरवठा’ म्हणतात. घरी आणून सडलेलं केळंही त्यात धरलेलं असतं. आणि घरात ते केळं कुणी खाल्लं, हे त्यात कुठेच नसतं.

आता नकाशा पाहा. फळांतून मिळणाऱ्या उष्मांकांत युगांडा फार वरचा दिसतो. तिथले लोक आपल्यापेक्षा जास्त फळं खातात का? तिथे हिरवी केळी शिजवून ‘मटोके’ करतात. आपल्याकडे भाकरीची जी जागा, ती तिथे त्याची. पण ताळेबंदात केळं म्हणजे फळ. अरब देशांत खजूर असाच आकडा फुगवतो. खजुरात उष्मांक भरपूर, क जीवनसत्त्व मात्र जवळजवळ नाहीच. या ताळेबंदातल्या गटाचं नावच मोठं गमतीचं आहे : ‘फळे, वाइन वगळून’. म्हणजे द्राक्षाचं पुढे काय झालं, हेही बघावं लागतं.

दुसरी गोष्ट, काळाची. या ताळेबंदाची जुनी मालिका २०१३ ला संपते आणि नवी, बदललेल्या पद्धतीची, २०१० पासून सुरू होते. दोन्ही एका रेषेत जोडून ‘बघा, कशी उडी मारली’ असे आलेख फिरत असतात. ती उडी फळाने मारलेली असेलच असं नाही. ती मोजणाऱ्याची पद्धत बदलल्याचीही असू शकते.

आपल्या देशाकडे येऊ. भारतात दरडोई फळपुरवठा १९६१ पासून वाढला, यात शंका नाही. केळी आणि आंबा, दोन्हींत आपण जगात पहिले. पण पोषणाचा प्रश्न वजनाने सुटत नाही. इथेच एक गणित करू या.

केळी वर्षाला साधारण साडेतीन कोटी टन. १४० कोटी लोकांत वाटली तर माणशी दिवसाला ६८ ग्रॅम, साल काढून ४५. म्हणजे अर्धं केळं. त्यातून क जीवनसत्त्व मिळतं ४ मिलिग्रॅम. पेरू सुमारे ५० लाख टन, केळ्याच्या सातव्या हिश्श्याइतका. वाटणीला येतो जेमतेम १० ग्रॅम, एक फोडसुद्धा नाही. पण त्या १० ग्रॅममधून क जीवनसत्त्व येतं २० मिलिग्रॅमच्या आसपास. स्त्रीची दिवसाची गरज ६५ आहे. वजनात केळं जिंकतं, पोषणात पेरू.

आंब्याचं आणखी वेगळं. वर्षाची सरासरी काढताना मे महिन्यातला आंबा डिसेंबरच्या ताटातही वाढला जातो. आंब्यापासून मिळणाऱ्या अ जीवनसत्त्वापुरतं ते थोडंफार चालतं, कारण यकृत ते साठवतं. क जीवनसत्त्वाचा साठा मात्र आठवड्यांत ओसरतो. एकाच फळाची एकाच वर्षाची सरासरी, एका घटकासाठी खरी आणि दुसऱ्यासाठी खोटी!

महाराष्ट्रात १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली आणि कोरडवाहू रानांत बागा उभ्या राहिल्या. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. ती योजना मला या राज्याच्या चांगल्या कामांपैकी एक वाटते. पण बाजाराने जी फळं उचलून धरली ती बघा : द्राक्ष, डाळिंब. शंभर ग्रॅम द्राक्षात क जीवनसत्त्व ३-४ मिलिग्रॅम, डाळिंबात १०. शिवाय उत्तम माल परदेशी जातो. याउलट बांधावरची बोरं, करवंदं, शेवग्याखालचा आवळा पोरं झाडावरूनच खायची. ते कुठल्या बाजार समितीत गेलं नाही, म्हणून पुरवठ्यात मोजलंही गेलं नाही. बांध मोडले, झाडं गेली, तरी आलेखाची रेष वरच चालली.

हे मी इतकं का उगाळतोय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी रक्तक्षय असलेल्या २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के. कारणं अनेक आहेत, फळ हे त्यातलं एकच. पण डाळ, भाकरी, पालेभाजीतलं लोह अंगी लागायला त्याच जेवणात क जीवनसत्त्व लागतं. मटणातलं लोह सहज शोषलं जातं, पण आपल्या वस्त्यांत रोज मटण कुणाच्या घरी शिजतं? आणि जेवणावर लगेच चहा घेतला की उरलंसुरलं लोहही वाया. पेरूच्या चार फोडी जेवणासोबत, चहा तासाभराने; याला खर्च फार नाही.

रमजानमध्ये आपल्या दस्तरखानावर फळं असतातच. खजूर, केळं, कलिंगड. तिन्ही चांगली, तिन्हींत क जीवनसत्त्व कमी. फ्रूट चाटमध्ये पेरू किंवा पपई मिळाली तर घाला, वरून लिंबू पिळा. आणि ज्या बाईने ती चाट कापली तिच्या वाटीत किती उरते, तेही एकदा बघा.

आपल्या आरोग्य शिबिरांच्या अर्जात एक प्रश्न असतो : ‘फळे खाता का?’ सगळ्या ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी तीन रकाने करावेत अशी माझी सूचना आहे : काल घरात कोणतं फळ आलं, किती आलं, आणि कुणी कुणी खाल्लं. अर्ज छापायच्या आधी मला द्या. माहिती भरायचा तक्ता मी करून देतो, मोबाइलवर चालेल असा.