शिंग मुनच्या पाण्याभोवती

हाँगकाँग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती इमारतींची दाटी. ती दाटी खरीच आहे. परंतु त्या चिमुकल्या प्रदेशाच्या भूमीपैकी सुमारे चाळीस टक्के भाग डोंगर, रान आणि जलाशय म्हणून राखून ठेवलेला आहे, आणि शहरातल्या कोणाही माणसाला तेथे बसने जाता येते, ही गोष्ट तेथे जाऊन राहीपर्यंत मला ठाऊक नव्हती. अशाच एका जलाशयाभोवतीच्या पायवाटेची हकीकत मी आज सांगणार आहे. त्याचे नाव शिंग मुन.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी माझ्या भाच्याकडे महिनाभर राहिलो होतो. त्याचे बिऱ्हाड एकतिसाव्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या घरातली भांडी मोजता यावीत इतकी जवळीक! चार दिवसांत मी कंटाळलो, हे त्याने ओळखले असावे. रविवारी सकाळी तो म्हणाला, “मामा, बूट घाला. तुम्हाला तळ्यावर नेतो.”

त्स्युन वान नावाच्या उपनगरातील श्यू वो रस्त्यावरून ८२ क्रमांकाची हिरवी लहान बस सुटते. या बसमध्ये उभे राहून प्रवास करण्यास मनाई आहे. जागा भरल्या की बस निघते, उरलेल्यांनी पुढच्या बसची वाट पाहावी. चालकाच्या डोक्यावर गाडीचा वेग आकड्यांत झळकत असतो, म्हणजे बेफामपणाला उतारूच साक्षीदार. आपल्या काही शहरांत ही युक्ती कितपत चालेल, कोण जाणे! असो. चढणीच्या रस्त्याने थोड्याच वेळात बस एका लहानशा बांधापाशी थांबली. त्याला ‘अननसाचा बांध’ म्हणतात. धरण होण्यापूर्वी या खोऱ्यातले शेतकरी अननस पिकवीत, त्याची ही खूण.

आम्ही पाणी उजव्या हाताला ठेवून निघालो; म्हणजे एका परीने प्रदक्षिणाच झाली. पुरा फेरा आठ-दहा किलोमीटरांचा, रमतगमत चालणाऱ्याला साडेतीन-चार तासांचा. आरंभीच वानरांची टोळी भेटते. यांना खाऊ घालणे कायद्याने गुन्हा आहे. ही वानरे येथे कशी आली याविषयी एक हकीकत सांगतात. शेजारच्या कौलून जलाशयाभोवती आपल्या काजऱ्याच्या कुळातली विषारी फळांची झुडपे होती. ती फळे पाण्यात पडू नयेत म्हणून, ती खाऊन पचविणारी ही वानरे मुद्दाम सोडण्यात आली. पाण्याची राखण करायला आलेले हे पाहुणे आता यजमान होऊन बसले आहेत.

जलाशयाच्या वरच्या अंगाला ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका झाडाचे बन आहे. त्याची साल पांढुरकी, कागदासारखी पदरापदरांनी सुटणारी. पावसाळ्यात तळे भरले की ही झाडे गुडघाभर पाण्यात उभी असतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरलेले होते आणि भेगाळलेल्या चिखलातून त्यांची मुळे उघडी पडली होती. आज ही सारी बाजू हिरवीगार दिसते. पण दुसऱ्या महायुद्धात जळणासाठी हे डोंगर तोडून बोडके झाले होते. युद्धानंतर पुन्हा लागवड झाली. डोंगर बोडका राहिला तर माती वाहून तळ्यात येते, हा त्यातला रोकडा हिशेब होता. लोकांना फिरायला रान हवे, हा विचार मागाहून आला. वनोद्यानांचा कायदा झाला १९७६ साली, आणि १९७७ मध्ये जी पहिली वनोद्याने जाहीर झाली त्यांत शिंग मुन होते. मुंबईकरांना यात नवल वाटू नये. विहार तलाव १८६० सालचा, तुळशी १८७९ सालचा; त्यांच्या पाणलोटाचे रान पाण्यासाठी राखले गेले, म्हणून आज मुंबईच्या पोटात राष्ट्रीय उद्यान उरले आहे.

पाण्याची तहान तरी केवढी असावी! १९६३ च्या अवर्षणात हाँगकाँगमध्ये चार दिवसांतून एकदा, तेही चारच तास नळाला पाणी येत असे. १९६५ पासून चीनमधील तुंग नदीचे पाणी तेथे येऊ लागले आणि आता त्या शहराची तहान मुख्यत्वे तीच नदी भागविते. तरी जुन्या जलाशयांची राखण ढिली झालेली नाही.

या वाटेवर एके ठिकाणी मात्र माझे पाय थबकले. डावीकडे एकाएकी दाट, जुनाट झाडी लागली. भोवतालच्या लावलेल्या झाडांहून ती निराळी होती; बुंधे जाड, वेलींचे पीळ, खाली काळोखी गारवा. भाच्याने तेथल्या फलकावरची माहिती वाचून सांगितली. चिनी खेड्याच्या पाठीशी असे एक रान राखलेले असते. गावाचे रक्षण आणि भरभराट त्यावर अवलंबून असते अशी समजूत, म्हणून त्याला कुऱ्हाड लावायची नाही. मी म्हटले, “अरे, ही तर देवराई!” पण देवराईच्या पुढ्यात गाव हवे. गाव कोठे आहे?

गाव नव्हते. झाडीत शेतांच्या पायऱ्या आणि दगडी बांध तेवढे उरले होते. या खोऱ्यात हाक्का लोकांची आठ गावे होती. १९२० नंतरच्या दशकात जलाशयाची योजना झाली आणि त्यांना उठविण्यात आले. काही जण काम तिन येथे गेले व आपल्या नव्या वस्तीला त्यांनी शिंग मुनचेच नाव दिले. १९३७ मध्ये धरण पुरे झाले. पंचम जॉर्ज बादशहाच्या १९३५ मधील रौप्यमहोत्सवावरून जलाशयाला ‘ज्युबिली’ असे नाव मिळाले. रोज चालणाऱ्यांच्या तोंडी मात्र शिंग मुनच राहिले आहे, याचे मला बरे वाटले.

मी एका बांधावर बसलो. दगडावर दगड असा रचलेला, चुन्याचा थेंब नाही. हा बांध मी पाहिलेला होता. आमचे आजोळ सह्याद्रीतील एका धरणाच्या पाण्याखाली गेले. आई पुढे तीस वर्षे शहरात राहिली, पण उन्हाळ्यात पाणी आटल्याची बातमी आली की ती विचारी, “देवळाचा चौथरा दिसू लागला का रे?” आम्हां मुलांना त्या प्रश्नाचा कंटाळा येई. एकदाही आम्ही तिला तेथे नेले नाही. वाट वाईट आहे, ऊन फार आहे, पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणता म्हणता ती गेली.

भाचा पुढे गेला होता, तो परत आला. त्याने विचारले, “मामा, दमलात का?” मी म्हटले, “नाही. चल.”

पूर्वेच्या काठाने आम्ही मुख्य धरणावर आलो. दरी एकदम खोल आहे आणि भिंतीवरून खाली पाहताना माझ्यासारख्याचे पाय लटपटतात. तेथून एक फाटा दक्षिणेच्या टेकडीवर जातो. टेकडीच्या पोटात १९३० नंतरच्या दशकात इंग्रजांनी बांधलेल्या तटबंदीचे भुयार आहे. घरची आठवण यावी म्हणून असेल, शिपायांनी बोगद्यांना लंडनच्या रस्त्यांची नावे दिली होती. ‘रीजंट स्ट्रीट’, ‘चेअरिंग क्रॉस’ ही सिमेंटमधली अक्षरे अजून वाचता येतात. ९ डिसेंबर १९४१ च्या रात्री जपान्यांनी यावर हल्ला केला, हवेच्या झरोक्यांतून हातगोळे टाकले, आणि काही तासांत ठाणे पडले. याच संरक्षणरेषेवर, येथून पुढे पूर्वेकडे, चौदाव्या पंजाब रेजिमेंटची दुसरी आणि सातव्या राजपूत रेजिमेंटची पाचवी पलटण उभी होती. २५ डिसेंबरला हाँगकाँग शरण गेले. आता त्या बोगद्याच्या तोंडाशी काही शाळकरी मुले संत्री सोलीत बसली होती. त्यांनी साली मात्र पिशवीत भरून घेतल्या. या वाटांवरील कचऱ्याचे डबे २०१७ अखेर काढून टाकण्यात आले. ज्याचा कचरा त्याने घरी न्यावा असा दंडक आहे, आणि मी पाहिले तेवढे लोक तो पाळत होते.

अननसाच्या बांधापाशी परतलो तेव्हा बससाठी रांग लागली होती. रांगेत आजोबा होते, लहान मुले होती, हातात काठ्या घेतलेल्या चार वृद्ध बायका होत्या. त्या मोठमोठ्याने बोलत, हसत होत्या. दोन बस भरून गेल्या, तिसरीत आम्हाला जागा मिळाली. उताराला लागल्यावर भाच्याने खिडकीबाहेर पाहतच विचारले, “मामा, आजीच्या माहेरच्या गावाचे नाव काय होते?”

मी नाव सांगितले. त्याने ते दोनदा उच्चारून पाहिले. दुसऱ्या खेपेला बरोबर आले.